शिकायला दोघं, रडायला दहा

दोन माणसं एकाच वस्त्राची दोन टोकं धरून न्यायाधीशासमोर येतात. एक म्हणतो, "मला सापडलं, सगळं माझं." दुसराही तेच म्हणतो. साक्षीदार नाही, खूण नाही. आता?

इसवी सन २०० च्या सुमारास ज्यू गुरू रब्बी यहूदा यांनी संकलित केलेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात याचं उत्तर आहे. दोघांनी शपथ घ्यायची आणि वस्त्र निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं. पण शपथेचे शब्द बघा. "सगळं माझं" असं नाही, "अर्धं माझं" असंही नाही. प्रत्येकानं म्हणायचं, "यात माझा वाटा निम्म्याहून कमी नाही."

सरळ सोडून हे आडवळण कशाला? मिश्नावर पुढे कित्येक पिढ्या ज्या चर्चा झाल्या, त्यांचा अवाढव्य ग्रंथ म्हणजे ताल्मूद. तो इथे थांबतो आणि शब्द न् शब्द उकरायला लागतो. "सगळं माझं" अशी शपथ वदवून घेतली आणि हातात अर्धंच ठेवलं, तर त्या शपथेला काय किंमत राहिली? "अर्धं माझं" म्हणायला लावलं, तर घटकाभरापूर्वीचा स्वतःचाच दावा माणूस मोडीत काढतो. "निम्म्याहून कमी नाही" हे मात्र, सगळं आपलंच आहे असं मानणाराही खोटं न बोलता म्हणू शकतो. आणि दोघांनी एकाच क्षणी उचललं असेल, तर दोघांचीही शपथ खरी ठरते.

आता गंमत पुढे आहे. एक म्हणतो "सगळं माझं" आणि दुसरा म्हणतो "अर्धं माझं", तर? आपण पटकन म्हणू की दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश. मिश्ना म्हणते, पाऊण आणि पाव. कारण दुसऱ्यानं एक अर्ध मागितलेलंच नाही, म्हणजे त्यावर भांडण नाही, ते पहिल्याचं. भांडण उरलेल्या अर्ध्यापुरतं, तेवढंच वाटायचं.

ज्या भागात हे येतं त्याचं नाव 'बाबा मेत्सिया', म्हणजे मधलं दार. ताल्मूद शिकायला नुकत्याच बसलेल्या मुलांसमोर बऱ्याच ठिकाणी पहिल्यांदा हाच भाग उघडतात. देव कसा आहे, जग कसं निर्माण झालं, मेल्यावर काय होतं, हे सगळं राहू दे बाजूला. आधी हे सांग की सापडलेली वस्तू कुणाची. ज्यू धर्मशिक्षणाची चव कळायला मला हे एवढंच पुरेसं वाटतं. नीती नावाचा वेगळा तास नाही. फडक्यावरच्या भांडणातच ती शिकायची.

हे सगळं चालतं ती जागा म्हणजे सिनेगॉग. ज्यूंचं प्रार्थनास्थळ, असं आपण म्हणतो आणि ते चूक नाही, पण अपुरं आहे. 'सिनेगॉग' हा मुळात ग्रीक शब्द, अर्थ 'एकत्र जमणं'. हिब्रूत 'बेत क्नेसेत', जमण्याचं घर. पूर्व युरोपातले ज्यू यिडिश भाषेत त्याला चक्क 'शूल' म्हणतात, म्हणजे शाळा. शेजारी किंवा त्याच इमारतीत 'बेत मिद्राश' असतं, अभ्यासाचं घर. आणि या दोघांत मान कुणाचा मोठा? ताल्मूदमध्ये मत असं की प्रार्थनेच्या घराचं अभ्यासाचं घर करता येतं, उलटं नाही. वरची पायरी अभ्यासाची.

याला इतिहास आहे. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्यानं जेरुसलेमचं मंदिर पाडलं. यज्ञबळी, पुरोहित, यात्रा, सगळं ज्या एका वास्तूभोवती फिरत होतं ती वास्तूच गेली. सिनेगॉग त्याआधीही होतीच, पण आता सगळा भार त्यांच्यावर आला. परंपरा सांगते की वेढा पडलेला असताना योहानान बेन झक्काई हे गुरू शवपेटीत झोपून शहराबाहेर पडले आणि रोमन सेनापतीकडे त्यांनी मागणं मागितलं ते याव्ने हे छोटं गाव आणि तिथले विद्वान. मंदिर वाचवा असं ते म्हणाले नाहीत, आणि त्यावरूनही ताल्मूदमध्ये त्यांना बोल लावणारे आहेतच. बोल लावल्याशिवाय या परंपरेत कुणाचीच सुटका नाही.

सिनेगॉगमध्ये मूर्ती नसते. जेरुसलेमच्या दिशेला एक कपाट, त्यात तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथातल्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, गुंडाळ्या, वर सतत तेवणारा दिवा आणि वाचनासाठी एक चौथरा. रब्बी हा पुजारी नव्हे, शिक्षक आणि शास्त्राचा जाणकार. त्याच्यावाचून प्रार्थना अडत नाही. ज्याला येते त्यानं पुढे उभं राहावं. तोराची गुंडाळी चामड्यावर हातानं लिहिलेली असते, तिच्यात स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत. उच्चार आणि सूर दोन्ही वाचणाऱ्यानं घरून पाठ करून यायचे. अक्षरांना बोट लावायचं नाही म्हणून हातात टोकाशी बोटाचा आकार असलेली काठी. शेजारी उभी असलेली माणसं छापील प्रतीत डोळे घालून ऐकत असतात. अर्थ बदलेल अशी चूक झाली की तिथल्या तिथे मोठ्यानं दुरुस्ती, आणि वाचणाऱ्यानं मागे येऊन तो शब्द पुन्हा वाचायचा. मग तो तेरा वर्षांचा मुलगा असो की सत्तरीचा विद्वान. वर्षभरात ५४ भाग वाचून तोरा संपते आणि त्याच दिवशी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होते.

ताल्मूदचं पान मात्र तोराच्या अगदी उलट. तोराच्या गुंडाळीत मूळ मजकुराखेरीज काही नाही, ताल्मूदच्या पानावर नुसती गर्दी. मधोमध मूळ मजकूर. शिवणीकडच्या बाजूला राशींची टीका. राशी म्हणजे फ्रान्समधल्या त्रॉय गावचे रब्बी श्लोमो यित्स्हाकी, काळ १०४० ते ११०५. बाहेरच्या बाजूला 'तोसाफोत', म्हणजे पुरवण्या. त्या लिहिणाऱ्यांत राशींचे सख्खे नातू आहेत, आणि आजोबांचं म्हणणं कुठे पटत नाही हे ते पानोपानी सांगतात. एका समासात आजोबा, दुसऱ्या समासात नातू, मध्ये त्या दोघांच्या कित्येक शतकं आधीची भांडणं. पानाची ही मांडणी १५२० च्या दशकात व्हेनिसमधल्या दानियल बॉम्बर्ग नावाच्या ख्रिस्ती मुद्रकाच्या छापखान्यात पक्की झाली आणि आजही तीच चालते. प्रत्येक भाग पान दोनपासून सुरू होतो, पान एक नसतंच. छपाईच्या सवयीतून आलेली गोष्ट आहे, पण शिकवणारे हसत सांगतात, कितीही शिकलास तरी पहिलं पान तुझं वाचायचं राहिलेलंच आहे.

१९२३ मध्ये मेइर शपिरो या पोलंडमधल्या तरुण रब्बींनी सुचवलं की जगभरातल्या ज्यूंनी रोज ताल्मूदचं एकच ठरलेलं पान वाचावं. पानं २,७११, म्हणजे साधारण साडेसात वर्षं. चौदावं आवर्तन ५ जानेवारी २०२० रोजी सुरू झालं. कल्पना सुंदर आहे, अनोळखी शहरात उतरलेला माणूसही सकाळी सिनेगॉगमध्ये जाऊन आदल्या दिवसाच्या पुढच्या पानावर बसू शकतो. पण खरं सांगायचं तर रोज एक पान हा वेग ताल्मूदला मानवणारा नाही. वर आपण वस्त्राचं जे पाहिलं त्याची चर्चाच काही पानं चालते.

खरा अभ्यास जोडीनं होतो. त्याला 'हाव्रूता' म्हणतात, 'हावेर' म्हणजे मित्र या शब्दावरून. दोघं समोरासमोर, मध्ये एक ग्रंथ, वाचन मोठ्यानं. एकानं अर्थ लावायचा, दुसऱ्यानं तो फोडायचा. अभ्यासाच्या घरात अशा वीस-तीस जोड्या एकाच वेळी बोलत असतात, त्यामुळे शांत वाचनालयाची सवय असलेला माणूस दारातच दचकतो.

या जोडीचं मोल सांगणारी एक गोष्ट ताल्मूदमध्येच आहे. रब्बी योहानान आणि रेश लाकिश हे दोघे अभ्यासातले सोबती. रेश लाकिश पूर्वाश्रमीचा दरोडेखोर. योहानाननीच त्याला या वाटेवर आणलं, बहीणही दिली. एकदा तलवार, सुरी अशा वस्तू बनवताना नेमक्या कोणत्या टप्प्याला 'पूर्ण' मानायच्या यावर वाद निघाला, आणि वादाच्या भरात योहानान बोलून गेले, "दरोडेखोराला दरोड्यातलं कळणारच." शब्द वर्मी लागला, त्यानं उत्तर दिलं, योहानान दुखावले, रेश लाकिश आजारी पडला आणि गेला. योहानान खचले. त्यांना सावरायला म्हणून इतर विद्वानांनी एलाझार नावाचा हुशार सोबती धाडला. योहानान काहीही बोलले की हा म्हणायचा, "तुमच्या म्हणण्याला अमुक ठिकाणी आधार आहे." योहानान कळवळून म्हणाले: रेश लाकिश माझ्या एकेका वाक्यावर चोवीस आक्षेप घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, आणि त्यातून विषय उलगडायचा, तू मला आधार शोधून देतोस, माझं बरोबर आहे हे मला माहीत नाही का? ते कपडे फाडत, मित्राच्या नावानं हाका मारत फिरले आणि भ्रमिष्ट होऊन गेले.

गोष्टीत दोन सल आहेत. हो ला हो करणारा सोबती काही कामाचा नाही, हा एक. आणि वादात समोरच्याचा भूतकाळ काढणं जिवावर बेतू शकतं, हा दुसरा. पश्चात्ताप करून बदललेल्या माणसाला त्याचं जुनं आयुष्य आठवून देऊ नये, असा नियमच मिश्नात आहे. त्याच कलमात आणखी एक आहे: विकत घ्यायचं मनात नसेल तर दुकानदाराला "हे केवढ्याला?" असं विचारू नका. उगाच आशा लावू नका. शब्दांनी केलेल्या या फसवणुकीला आणि दुखापतीला एकच शब्द आहे, 'ओनाआ', आणि व्यापारातल्या फसवणुकीलाही तोच शब्द. चारचौघांत कुणाला लाजवणं हे रक्त सांडण्यासारखंच, असं ताल्मूद म्हणतो; पुरावा काय, तर चेहऱ्यावरची लाली उतरून तो पांढराफटक पडताना आपण पाहिलेला असतो.

या चर्चेच्या मधोमध ती प्रसिद्ध भट्टीची गोष्ट येते. एका मातीच्या भट्टीच्या शुद्धतेवरून रब्बी एलिएझर एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. युक्तिवाद संपले तेव्हा एलिएझर म्हणाले, माझं खरं असेल तर हे झाड साक्ष देईल. झाड मुळासकट शंभर हात सरकलं. बाकीचे म्हणाले, झाडावरून शास्त्र ठरत नाही. ओढा उलटा वाहिला. ओढ्यावरूनही ठरत नाही. अभ्यासाच्या घराच्या भिंती कलल्या, तेव्हा रब्बी यहोशुआ भिंतींवरच ओरडले, विद्वान वाद घालताहेत, तुमचं काय त्यात? मग भिंती यहोशुआंच्या मानाखातर पडल्या नाहीत आणि एलिएझरांच्या मानाखातर सरळही झाल्या नाहीत. शेवटी आकाशवाणी झाली: एलिएझरच बरोबर आहे. यहोशुआ उभे राहिले आणि तोरातलेच शब्द त्यांनी ऐकवले, "ती आकाशात नाही." तोरा एकदा माणसांच्या हाती दिली, आता बहुमतानं ठरेल. आणि देव? तो हसला म्हणे, "माझी पोरं मला हरवून गेली."

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात, टाळ्या इथेच पडतात. ताल्मूद थांबत नाही. जिंकलेल्यांनी एलिएझरांनी शुद्ध ठरवलेल्या सगळ्या वस्तू जाळल्या आणि त्यांना वाळीत टाकलं. निरोप द्यायला शिष्य अकिवा गेले, काळे कपडे घालून, लांब बसून. एलिएझरांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि जगातली ऑलिव्ह, गहू, जव यांची एक तृतीयांश पिकं करपली. त्यांची बायको इमा शालोम ही विद्वानांच्या प्रमुखाची, गमलिएलांची बहीण. नवऱ्यानं प्रार्थनेत जमिनीवर पडून आपलं दुःख देवापुढे मांडू नये म्हणून ती रोज राखण करायची. एक दिवस, एका आवृत्तीनुसार, दारात भिकारी आला, ती त्याला भाकरी द्यायला उठली. परत येऊन बघते तर नवरा जमिनीवर पालथा. म्हणाली, "ऊठ, माझ्या भावाला मारलंस तू." तेवढ्यात बाहेरून गमलिएल गेल्याची दवंडी ऐकू आली. तुला कसं कळलं, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, आमच्या आजोबांच्या घरची शिकवण आहे: सगळी दारं बंद होतात, दुखावलेल्याचं दार बंद होत नाही. बहुमत बरोबर होतं, नियमही तोच राहिला, आणि तरी त्यांनी घोर अन्याय केला. दोन्ही एकाच पानावर.

पैशाच्या बाबतीत हीच बारकाई दिसते. 'त्सदाका' या शब्दाचं भाषांतर आपण 'दान' असं करतो, पण त्याचं मूळ न्याय या शब्दात आहे. देणं ही मेहेरबानी नाही, देणं लागतं म्हणून द्यायचं. दानावर जगणाऱ्यानंही त्यातलं थोडं दुसऱ्याला द्यायचं. गावच्या गरिबांसाठीची पेटी दोघांनी मिळून गोळा करायची, कारण लोकांच्या पैशावर एकट्याचा अधिकार नको. वाटप मात्र तिघांनी करायचं. वाटप म्हणजे कुणाला किती हा निवाडा, आणि पैशाच्या निवाड्याला तीन न्यायाधीश लागतात.

हे कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, याचा पुरावा जुन्या कैरोतल्या, म्हणजे फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये सापडला. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, म्हणून जीर्ण कागद टाकायला तिथे एक खोली होती, तिला 'गेनिझा' म्हणतात. शतकानुशतकं लोक तिथे हिब्रू अक्षरांतलं जवळपास काहीही टाकत गेले. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यातला मोठा साठा केंब्रिजला नेला. आज जगभर विखुरलेले तुकडे धरले तर तीन लाखांच्या वर जातात. त्यात धर्मग्रंथ आहेत, तशाच कुणाला किती पाव द्यायचे याच्या याद्या आहेत, घटस्फोटाची पत्रं आहेत, नुकतीच अक्षरं शिकणाऱ्या मुलांच्या वह्यांची पानं आहेत. गरिबाचं नाव आणि पुढे पावांचा आकडा, एवढीच ती ओळ असते.

याच फुस्तातमध्ये राहिलेले आणि १२०४ मध्ये वारलेले मायमोनिडीज, ज्यांना ज्यू लोक रंबाम म्हणतात, ते नावाजलेले धर्मशास्त्री, पेशानं वैद्य. दानाची पेटी नाही असा ज्यू समाज आपण पाहिला नाही की ऐकला नाही, असं त्यांनी लिहून ठेवलंय. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खाली कपाळाला आठ्या घालून देणारा. बरंच वर, देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही अशी पायरी. पण सगळ्यात वरची तीही नव्हे. घसरू लागलेल्या माणसाला कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम देऊन पायावर उभं करायचं, म्हणजे त्याला हात पसरायची वेळच येणार नाही, ही सर्वांत वरची.

आणि मग मरण. प्रेताला स्नान घालणारं मंडळ समाजातूनच उभं राहतं. या कामाला 'खरा उपकार' म्हणतात, कारण मेलेला माणूस परतफेड करू शकत नाही. अंगावर साधं पांढरं वस्त्र, गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखं. एके काळी अंत्यविधीचा खर्च इतका वाढला होता की नातेवाईक प्रेत टाकून पळून जात. मग रब्बान गमलिएलांनी स्वतःला साध्या लिननच्या वस्त्रात पुरायला सांगितलं आणि तीच रीत पडली. पुढचे सात दिवस घरचे लोक घरातच बसतात. पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं. भेटायला येणाऱ्यानं दुःखी माणसानं तोंड उघडल्याशिवाय बोलायचं नाही. माझ्या मते सगळ्या परंपरेतला हा सगळ्यात शहाणा नियम.

आई-वडील गेल्यावर अकरा महिने 'कद्दिश' ही प्रार्थना म्हणायची असते. बारा का नाहीत? पापी माणसाचा न्याय बारा महिने चालतो असा समज. पूर्ण बारा म्हटले तर आपणच आई-बापाला पापी ठरवल्यासारखं होईल, म्हणून एक महिना कमी. या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही, फक्त देवाची थोरवी. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. दहा प्रौढ हवेत. या दहांच्या गटाला 'मिन्यान' म्हणतात. नऊ विद्वान जमले तरी चालत नाही, आणि ज्याला हिब्रूचं अक्षर येत नाही असा दहावा आला की चालतं. मग थंडीच्या पहाटे कुणाला तरी फोन जातो: "नऊच आहेत, येतोस का?" तो कद्दिश म्हणणाऱ्याला ओळखतही नसेल. त्याला काही करायचंही नाही, नुसतं असायचं आणि "आमेन" म्हणायचं.

दहांत कुणाला मोजायचं, यावर मात्र एकमत नाही. ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरेला घट्ट धरणाऱ्या, सिनेगॉगमध्ये तेरा वर्षांवरचे पुरुषच मोजतात. रिफॉर्म (सुधारणावादी) आणि बहुतेक कॉन्झर्व्हेटिव्ह (मधल्या वाटेच्या) सिनेगॉगमध्ये स्त्रियाही. जर्मनीत रेगिना योनास यांना १९३५ मध्ये रब्बीपद मिळालं, त्या पहिल्या स्त्री रब्बी. १९४४ मध्ये आउश्वित्झच्या नाझी छावणीत त्यांची हत्या झाली. वाद अजून चालू आहे, दोन्ही बाजू तेच ग्रंथ उघडून बसतात.

एक जुनी रीत मला फार आवडते. मध्ययुगात जर्मनी आणि फ्रान्सच्या ज्यू वस्त्यांमध्ये ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याचं कुणी ऐकत नव्हतं, त्याला भर सिनेगॉगमध्ये प्रार्थना थांबवायचा हक्क होता. गाव जमलेलं, तोराची गुंडाळी काढायची वेळ झालेली. एखादी विधवा उठायची आणि सांगायची की माझं गाऱ्हाणं ऐकून घेईपर्यंत आज वाचन होणार नाही. गावातली बडी धेंडं समोरच बसलेली असायची. कुणी तिला खाली बसवू शकत नव्हतं. ती बोलत राहायची, आणि कपाट बंदच राहायचं.